मनीरामजींची ढील

अनोळखी बाईला तिचं वजन विचारणारा आणि तरीही मार न खाल्लेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मनीरामजी.

"म्याडम, वजन किती तुमचं?"

म्याडम लाल व्हायच्या. साहेब पुढं यायचे. मग मनीरामजी शांतपणे म्हणायचे, "झूला बांधाचा हाये न जी."

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, चोरखमारा तलावाजवळ तंबूंचा एक कॅम्प होता. मी तिथं स्वैपाकाला होते आणि मनीरामजी झूले बांधायला. शहरातले पाहुणे त्याला हॅमॉक म्हणत. रात्री झाडाखाली त्यात झोपायची त्यांना भारी हौस.

वजन झालं की उंची. मग मनीरामजी एक डोळा मिटून, बोटांचं पिस्तूल करून झाडाला बांधलेल्या पट्ट्याचा उतार मापत. एकदा एक बँकेतले साहेब हात वर करून उभेच राहिले. माप झालं की झूला तळहातानं दाबायचा आणि म्हणायचं, "अजून ढील पाहिजे." पाहुणा आत शिरला तरी सुटका नाही. "केळ्यासारखे नोका झोपू जी, कंबर जाईन! तिरपे व्हा, तिरपे!" तिरपं झालं की मात्र पाठ खरंच सपाट व्हायची आणि पाच मिनिटांत घोरणं सुरू.

आता हा ढिलाईचा मास्तर आधी कसा होता ते ऐका. गावात खाटेची दोरी कसावी ती मनीरामजींनीच. वर लिंबू टाकलं तर उडायचं. कॅम्पवरचा पहिला झूलाही त्यांनी तसाच तन्नाट बांधला. गोंदियाचे एक जाडजूड शेठ त्यात बसले, झूल्यानं गिरकी घेतली आणि शेठ खाली.

"मार डालोगे क्या, भाई!"

मॅनेजरनं समजावलं, "मनीरामजी, झूला कसाल तर तो माणसाला फेकतो. ढील द्या, तो धरून ठेवतो."

झालं! दोन दिवस मनीरामजी धड जेवले नाहीत. मी म्हटलं, "काऊन जी? शेठ तर जिता हाये."

"शेठचं नाई वो. पोरीचं."

प्रज्ञा त्यांची एकुलती एक पोरगी. नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून बसली. "माह्या घरात पोरीले ढील नाई भेटत," असं हे गावभर मिरवत. तिलाही तेच ऐकवलं, वर म्हणाले, परत येऊ नको. ती आली नाही. तीन वर्षं झाली होती. तिची आई आधीच वारलेली. घरात हे एकटे आणि ती कसलेली खाट.

पुढं कुणीतरी सांगितलं, प्रज्ञाला मुलगा झालाय, चार महिन्यांचा आहे. त्या दुपारी मनीरामजी स्वैपाकघराच्या दारात घुटमळत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, तुहा मोबाईल दे."

रेंज यायची ती फक्त तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर. तिथं जाऊन त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर मीच लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि हे मोबाईल मलाच परत देऊ लागले. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा तोंडातून निघालं काय?

"लेकराचं वजन किती हाये?"

प्रज्ञा म्हणाली, "सहा किलो, बाबा," आणि रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

रविवारी ती लेकराला घेऊन कॅम्पवर आली. मनीरामजी सकाळपासून स्वैपाकघरामागच्या दोन झाडांना तिच्या आईच्या लुगड्याची झोळी बांधत होते, सोडत होते, पुन्हा बांधत होते. शंभर वेळा मला विचारलं, "ढील बराबर हाये न?" शंभर झूले बांधलेला माणूस, आणि स्वैपाकिणीला विचारत होता.

प्रज्ञानं लेकराला झोळीत ठेवलं आणि खाली वाकून पाहिलं.

"बाबा, लय ढील झाली. हा तर जमिनीले टेकून राहिला!"

"टेकू दे," मनीरामजी म्हणाले. ते खाली बसले आणि झोळीखाली दोन्ही हात धरले. "मांगं तुले कमी देली होती."

गाठीकडं गेलेला प्रज्ञाचा हात तिथंच थांबला. मग ती बापाशेजारी मातीत बसली.

तिकडं पाहुण्यांची जीप आली आणि मॅनेजर हाका मारू लागला. त्या दिवशीचे झूले मी बांधले. दोन पाहुणे पडले, पण मनीरामजींना मी उठवलं नाही.