पडद्याला माझं बोट कळेना

रविवारच्या पुरवणीतला तो लेख मी वाचला नसता, तर आज शेजारपाजारचे लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने बघत नसते. पण वाचला. (मी पुरवणी शेवटच्या पानापासून, म्हणजे शब्दकोड्यापासून वाचतो. कोडं सुटत नाही, मग बाकीची पानं आपोआप वाचून होतात.) लेखाचं नाव होतं 'उद्याचं संगीत'. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की यापुढे वाद्य शिकण्यात वर्षं घालवायची गरजच नाही. टॅबलेटवर एक ॲप घ्यायचं, पडद्यावर बोट टेकवून तीन-चार सूर द्यायचे, की पुढची चाल ते ॲप स्वतःच रचतं. साथीला ड्रम म्हणा, व्हायोलिन म्हणा, तेही तेच वाजवतं. आणि आणखी काही वर्षांनी म्हणे बोटसुद्धा लागणार नाही. पडद्याला माणसाचं मनच कळेल.

मी हरखून गेलो. शाळेत असताना गाण्याच्या बाईंनी मला समूहगीतात मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि कानात सांगितलं होतं, "तू नुसतं तोंड हलव हं बाळ, आवाज बाकीचे काढतील." पुढे मला सरकारी दप्तरखान्यात नोकरी लागली. तिथेही साधारण हेच काम असतं.

आमच्या लेकीने नवा टॅबलेट घेतला तेव्हा जुना आमच्याकडे टाकला होता. त्यावर सासूबाई पत्ते खेळत. मी तो मागितला.

"जावईबापू, माझा डाव अर्ध्यात आहे."

"पाचच मिनिटं. उद्याचं संगीत कसं असतं ते बघायचंय."

"उद्याचं आहे ना? मग उद्या बघा."

शेवटी डाव संपल्यावर टॅबलेट माझ्या हाती आला. मी ॲप उतरवून घेतलं. (म्हणजे सासूबाईंनी उतरवून दिलं.) पडद्यावर रंगीत पट्ट्या आल्या आणि खाली अक्षरं, 'स्पर्श करा, संगीत घडवा'. मी स्पर्श केला. काही घडलं नाही. मधलं बोट लावलं, अंगठा लावला, मग डावा हात. पडदा ढिम्म.

तेवढ्यात बायको कामावरून आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते, दिवसभर लोकांची बोटं टोचते. तिने पर्स खाली ठेवता ठेवता पडद्यावर सहज एक टिचकी मारली आणि असा काही भरदार सूर निघाला, की खिडकीतलं कबूतर उडालं. सासूबाईंनी नख लावलं, तरी वाजलं. मी लावलं, शांतता.

"हा पडदा माझं मन ओळखणार आहे म्हणे," मी चिडून म्हणालो.

"आधी बोट ओळखू दे," बायको म्हणाली. मग तिने माझं बोट उजेडात धरून पाहिलं. "अहो, यावर रेषाच उरल्या नाहीत. सत्तावीस वर्षं जुने कागद उलटून पार गुळगुळीत झालंय."

दुसऱ्या दिवशी मी टॅबलेट दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. "काका, टॅबलेट ठणठणीत आहे. हा पडदा बोटातल्या ओलीवर चालतो. तुमची बोटं फार कोरडी आहेत. त्याला वाटतं, लाकूड टेकलंय."

"मला माणसात घ्यायला काही उपाय?"

"क्रीम लावा. नाहीतर एखादं ताजं गाजर धरून बघा. हसू नका, खरंच चालतं."

मी हसलो नाही, पण ऐकलंही नाही. भाजी हातात धरून संगीतात उतरायचं, हे काही मनाला पटेना. क्रीम मात्र लावलं. त्याने टॅबलेट दोनदा हातातून निसटला आणि ऑफिसातली एक नोंदवही मला चिकटून घरी आली.

खरं तर एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. पण आमच्या दप्तरखान्यात माझ्या समोरच्या टेबलावर हेडक्लार्क बसत आणि त्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. पिवळा पडलेला कागद न फाटता कसा उचलायचा, हे मला त्यांनी शिकवलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल एकच गोष्ट सांगितली होती, तीही कपाट झाडताना. तरुणपणी ते बासरी वाजवत. "मग इथली धूळ छातीत गेली," ते म्हणाले होते, "फुंकर गेली, बासरीही गेली. ती सहा नंबरची फाइल दे."

मला आपलं वाटलं, की त्या ॲपमध्ये बासरीचा आवाज आहे, तर यांना जाताना चार सूर ऐकवावेत. हे मी फक्त टायपिस्ट बाईंजवळ बोललो. टायपिस्ट बाईंना सांगणं आणि सूचनाफलकावर लावणं यात फरक इतकाच, की फलक लोक वाचत नाहीत. संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. "शुक्रवारी तुमचं वादन ठेवलंय. वीस मिनिटं पुरतील ना?"

दुसऱ्या दिवसापासून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी सराव करू लागलो. सराव म्हणजे पडद्याची मनधरणी. बुधवारी बासरीचं बारीक चित्र कुठे आहे ते दिसेना, चष्मा सापडेना, म्हणून मी पडद्यात पार तोंड घातलं आणि 'टुंग' असा सूर निघाला. मी दचकलो. पुन्हा वाकलो. टुंग! माझं नाक! शरीराच्या ज्या भागाने कधी कागद उलटला नव्हता, त्याला पडद्याने चटकन ओळखलं होतं.

मी टॅबलेट टेबलावर ठेवला, हात मागे बांधले आणि नाकाने वाजवू लागलो. तीन सूर दिले. ॲपने क्षणभर विचार केला आणि पुढचे एकोणतीस स्वतः रचले. पण काय रचले! मी जिथे अडलो होतो तिथूनच त्याने उचललं होतं. याला कसं कळलं, की मला तिथेच जायचं होतं? की त्याने नेलं, आणि मला वाटतंय मलाच जायचं होतं? मी पुन्हा तीन वेगळे सूर देऊन बघितले, मग आणखी तीन. वेळेचं भान उरलं नाही.

बायको लॅबमधून आली तेव्हा तिला काय दिसलं असेल, याची तुम्ही कल्पना करा. नवरा खुर्चीत, डोकं टेबलावर, हात मागे.

"अहो! अहो, काय होतंय तुम्हाला?"

"थांब," मी पडद्यातूनच म्हणालो, "आता वर चाललोय."

"वर? आई, धाव गं! हे वर चाललेत!"

तिने माझ्या मानेवर दोन बोटं ठेवून नाडी पाहिली. (ती जोरात चालू होती, कलावंताची चालतेच.) सासूबाई शेजारच्या डॉक्टरांना घेऊन आल्या. ते दातांचे आहेत. त्यांनी माझी मान वर केली, सवयीने "आ करा" म्हणाले आणि माझ्या तोंडात आरसा घातला.

"दाढ किडलीये," ते म्हणाले, "पण त्याने कोणी वर जात नाही."

सगळा उलगडा झाल्यावर बायकोने एकच अट घातली. "चार लोकांत नाक वापरायचं नाही. तुमच्या ऑफिसातल्यांना मला तोंड दाखवायचंय."

मग सासूबाईंनाच दुकानातल्या मुलीचं गाजर आठवलं. चांगलं जाडजूड गाजर टोकाला कापून माझ्या हातात दिलं. आणि वाजलं! अगदी नीट वाजलं. सासूबाई खूश झाल्या. "गाजराची पुंगी, जावईबापू. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली."

शुक्रवारी मी गाजर स्वच्छ रुमालात गुंडाळून ऑफिसात नेलं. टायपिस्ट बाईंनी टॅबलेट स्पीकरला जोडून दिला. बायको आणि सासूबाई दुसऱ्या रांगेत येऊन बसल्या. टेबलावर सँडविचच्या बशा होत्या. त्यांच्या शेजारी मी रुमाल सोडून ठेवला आणि दोन मिनिटं हात धुवायला गेलो. परत आलो तर साहेब काहीतरी कडाकडा चावत उभे.

"कुणीतरी पौष्टिक ठेवलं, हे फार बरं केलं," ते म्हणाले. हातात देठ उरला होता.

सासूबाईंच्या म्हणीचा दुसरा भाग आधीच खरा झाला होता. समोर पन्नास माणसं. पहिल्या रांगेत हेडक्लार्क, नवा शर्ट घातलेले, हात मांडीवर. मी बोट टेकवून पाहिलं, न जाणो, पडद्याला दया येईल. नाही आली. मी बायकोकडे पाहिलं. तिला सगळं कळलं आणि तिने डोळे मिटून घेतले. तिची परवानगी आहे असं धरून मी वाकलो.

पहिला सूर लागला. मागे कुणीतरी कुजबुजलं, "हे काय करतायत?" साहेबांनी दोन पावलं पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "अहो, इतकं नाक घासायची काही गरज नव्हती. गेल्या महिन्यातली फाइल हरवली ती हरवली."

(फाइल माझ्याकडून हरवली होती, हे तोवर फक्त साहेबांना ठाऊक होतं. त्यांचा 'हळूच' पन्नास जणांना ऐकू गेला.)

मी थांबलो नाही. पण नाक घामाने सरकू लागलं, आणि बहुधा माझ्या हनुवटीने 'साथ' नावाचं बटण दाबलं. या बटणाची खुबी मला नंतर कळली. ते दाबलं, की आजूबाजूचा आवाज ॲप ऐकतं आणि त्याचंही गाणं करतं. मी तर सवयीप्रमाणे पुटपुटत होतो, "डावीकडे... अजून डावीकडे... आई गं, नाक सरकलं..."

आणि स्पीकरमधून चाळीस माणसांचा कोरस सुरेल आवाजात गाऊ लागला, "आई गं, नाक सरकलं! डावीकडे, डावीकडे, नाक सरकलं!"

मी घाबरून श्वास घेतला, टेबलावरची धूळ नाकात गेली आणि शिंक आली. ॲपने शिंक पकडली. तिचा ड्रम केला. दर चौथ्या ठेक्याला माझी शिंक आणि मध्ये कोरस. बायको खुर्चीत इतकी खाली सरकली, की नुसते केस दिसत होते. सासूबाई मात्र ताल धरून बसल्या होत्या.

तेवढ्यात माझे सुरुवातीचे तीन सूर परत आले, बासरीत. त्या सगळ्या गोंगाटावर ॲपने ती चाल अलगद ठेवली आणि लांबवत नेली. मी मान वर केली. हेडक्लार्क हसत होते. सत्तावीस वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी खोकल्याचंच होतं की काय, ते मी बघत बसलो नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते जवळ आले. "यात तुझं किती आणि याचं किती?"

"मसुदा माझा. बाकी सगळं त्याचं."

"म्हणजे ऑफिससारखंच." ते पडद्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "याला फुंकर लागत नाही?"

"नाही."

सोमवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. हेडक्लार्क उभे होते, जाताना मिळालेला पेन खिशाला लावून. आत येऊन त्यांनी टॅबलेटवर बोट टेकवलं. शांतता. छत्तीस वर्षांची नोकरी. त्यांच्या बोटावर तर रेघ काय, ओलाव्याची आठवणही नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टॅबलेट त्यांच्या पुढे सरकवला. त्यांनी चष्मा काढला आणि वाकले.

मग ते रोज येऊ लागले. ते आधी वाजवत, मग मी. कधीकधी दोघं एकदम, डोक्याला डोकं लावून. त्यांचं नाक लांब असल्यामुळे वरचे सूर त्यांच्याकडे. मध्येच थांबून आम्ही वाद घालायचो, की उद्या याला खरंच मन कळू लागलं तर आम्हा दोघांपैकी कोणाचं आधी कळेल. ते म्हणायचे, "तुझं. लवकर वाचून होईल." दोन आठवड्यांत एक चाल पुरी होत आली. शेवटच्या चार सुरांचीच तेवढी कसर होती.

परवा संध्याकाळी ते आले, चष्मा काढला, वाकले. आवाज नाही. मी वाकलो. आवाज नाही. आम्ही दोघांनी नाकं पुसून पुन्हा टेकवली. पडदा ढिम्म. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी आलं होतं, ते दोघांनाही वाचता येईना. सासूबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं:

"'आमचं ॲप आता आणखी सुधारलं आहे. चेहरा चुकून पडद्याला लागल्यामुळे होणारा त्रास आम्ही कायमचा दूर केला आहे.'"

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, आमच्या दोघांकडे नीट पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून माझ्या बायकोला हाक मारली.

"अगं, हे आपल्या जावईबापूंबद्दलच लिहिलंय का गं?"