प्रत्येक चुलीमागे एक मत

चौथीच्या बाई सोमवारपासून शाळेत नव्हत्या. त्यांचा वर्ग तिसरीच्या वर्गात नेऊन बसवला होता, अपूर्णांक अर्धेच राहिले होते आणि बाई दारोदार फिरून लोकांची मतं गोळा करत होत्या. सरकारने अलीकडे दोन निर्णय घेतले होते आणि त्यांवर जनतेचं म्हणणं हवं होतं. फॉर्मवर प्रश्न दोनच. पहिला, सीमेवर फौज पाठवली ते योग्य की अयोग्य. दुसरा, शिक्षकांना शाळेबाहेरची कामं दिली ते योग्य की अयोग्य.

दुसरा प्रश्न वाचताना बाईंचा आवाज दर वेळी थोडा चढायचा. पण मत मागणाऱ्याने स्वतःचं मत सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. मुख्याध्यापकांनीही बजावलं होतं, "बाई, तुमचं कोणी विचारलेलं नाही. लोकांचं आणा." बाईंनी मग सगळी भिस्त स्वतःच्या घरावर ठेवली होती. त्यांच्या गल्लीत दुसऱ्या शाळेचे मास्तर फिरत होते. ते दारात आले की दुसऱ्या प्रश्नापुढे 'अयोग्य'वर अशी खूण करायची, की कागद फाटला तरी चालेल! आठवडाभर त्या याच आशेवर पायऱ्या चढत होत्या.

शुक्रवारी दुपारी शेवटचं घर उरलं. ते निवृत्त पोस्टमास्तरांचं होतं.

"योग्य!" पहिला प्रश्न पुरता व्हायच्या आत पोस्टमास्तर म्हणाले. "हे दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं."

"अयोग्य लिहा," आतून त्यांची बायको हात पुसत आली. "माझ्या धाकट्या भावाचा मुलगा आहे तिकडे. ह्यांचं काय जातंय आरामखुर्चीतून फौज पाठवायला?"

"एका घराचं एकच मत घेता येतं," बाई चाचरत म्हणाल्या.

"मग माझंच," दोघंही म्हणाले.

पंधरा मिनिटं झाली, तरी दोघं तसूभर हलेनात. शेवटी पोस्टमास्तरांनी चष्मा लावला आणि फॉर्म उलटा केला. उभी हयात नियमांत गेलेली, मागची बारीक अक्षरं त्यांच्याखेरीज कोण वाचणार? "हे बघा! सूचना चार. घर म्हणजे एक चूल. वेगळी चूल असल्यास वेगळा फॉर्म. अन्न शिजत असल्याचं समक्ष पाहावं. काय बाई, आहे की नाही?"

बाईंनी सूचना चार आजवर वाचलीच नव्हती. "आहे खरी."

"झालं तर मग. हिची चूल वेगळी, माझी वेगळी!"

"गॅस माझा," बायको शांतपणे म्हणाली. "वेगळी तुम्ही मांडा."

पोस्टमास्तरांनी माळ्यावरून विजेची शेगडी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि पातेल्यात दोन बटाटे ठेवले. पाणी घालायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात बायको निवांतपणे फोडणी देत होती. बाई मधल्या दारात दोन कोरे फॉर्म घेऊन उभ्या राहिल्या. आधी वास आला, मग धूर आला, मग फट्‌ असा आवाज झाला आणि घरातले पंखे बंद पडले.

"फ्यूज गेला," पोस्टमास्तर म्हणाले.

"शिजत असल्याचं दिसत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचाही नाइलाज होता.

"म्हणजे माझी चूल नाही? मग या घरात मी कोण?"

बायकोने फॉर्म हातात घेतला आणि बोट ठेवून वाचलं. "सूचना सात. पाहुण्यांचं मत विचारात घेऊ नये."

पोस्टमास्तरांनी एकदा जळक्या बटाट्यांकडे पाहिलं, एकदा गॅसवरच्या कढईकडे पाहिलं. पोटात कावळे ओरडत होते. "वाढ," ते हळूच म्हणाले.

बायकोने पहिल्या प्रश्नाला 'अयोग्य' केलं. दुसऱ्यापाशी ती थांबली. "तुम्हाला काय वाटतं, बाई?"

"आम्हाला मत द्यायची परवानगी नाही," बाई म्हणाल्या.

बायकोने त्यांच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं आणि तिथेही 'अयोग्य' केलं.

बाई घरी परतल्या तेव्हा यजमान सोफ्यावर आडवे होते. त्यांची साप्ताहिक सुट्टी होती.

"अगं, ते मास्तर येऊन गेले," ते म्हणाले. "आपला फॉर्म भरून टाकला. दोन्हीकडे योग्य."

"दुसऱ्यालाही?"

"मग? तेवढंच तुझं बाहेर फिरणं होतं. तब्येतीला बरं."

"आणि माझं मत?"

"तू घरी नव्हतीस. आणि घराचं एकच असतं ना?"

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि खिडकीतून डोकावून पाहिलं. मास्तर शेजाऱ्यांच्या ओट्यावर कागद लावत बसले होते.

"मास्तर," बाईंनी हाक मारली, "जाताना इथे परत या. या घरात दोन चुली आहेत."

त्यांनी गॅस पेटवला, त्यावर एका माणसापुरता भात चढवला आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या.

यजमान उठून बसले. "अगं, एवढासाच? मग मी काय खायचं?"

"त्यावर," बाई म्हणाल्या, "आम्हाला मत द्यायची परवानगी नाही."