मोनाकोला बारा वाजले

"समुद्र?" एर्मेस बोन्फान्ती इतक्या जोरात ओरडला की टेबलावरचा नकाशा दाबून ठेवणाऱ्या चार कपांपैकी एक लवंडला आणि अख्खं हंगेरी कॉफीत बुडालं. "बव्हेरियात समुद्र कुठून आला?"

समोर त्याचा मेव्हणा ग्वाल्तिएरो शांतपणे पीच सोलत होता. हॉटेलचं बुकिंग त्यानेच केलं होतं. एर्मेसच्या हातातल्या कागदावर स्वच्छ छापलं होतं: दोन खोल्या, एक रात्र, मोनाको, समुद्राकडे उघडणारी गच्ची.

"मला वाटलं, तलावाला म्हणत असतील," ग्वाल्तिएरो म्हणाला. "हॉटेलवाले वाढवूनच सांगतात."

"गाढवा, हे राजवाड्याचं मोनाको आहे! मी तुला बिअरचं मोनाको सांगितलं होतं!"

"तू नुसतं मोनाको म्हणालास."

ज्या शहराला जर्मन लोक म्युन्शेन आणि बाकी जग म्युनिक म्हणतं, त्याला एर्मेसच्या पियाचेन्झा गावातच काय, साऱ्या इटलीत मोनाकोच म्हणतात. आणि समुद्राकाठच्या त्या चिमुकल्या श्रीमंत राज्यालाही मोनाकोच. एकाला जायचं तर डोंगर ओलांडून उत्तरेला, दुसऱ्याला जायचं तर थेट उलट्या दिशेला. शहाणी माणसं म्युनिकबद्दल बोलताना 'बव्हेरियातलं' एवढं जोडून मोकळी होतात. एर्मेसने जोडलं नव्हतं, कारण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट समोरच्याला ठाऊक नसणं हा तो गुन्हाच समजत असे. एकतीस वर्षं त्याने लोकांना गाडी शिकवली होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा आणि ओरडायचं. निवृत्त झाल्यावर ब्रेक गेला, ओरडणं तेवढं राहिलं.

"मी म्हटलं होतं, याला काही सांगू नका," तो बायकोवर उलटला. "म्हटलं होतं की नाही?"

"हो, म्हटलं होतंस. गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं," देल्फिना हंगेरी पुसत म्हणाली. "रद्द करून टाक ना."

"रद्द होत नाही," ग्वाल्तिएरोने पीचची फोड तोंडात टाकली. "म्हणून तर स्वस्त मिळालं."

एर्मेसने तो कागद फाडला, तुकडे पुन्हा फाडले आणि फाडायला काही उरलं नाही तेव्हा निळी फाइल छातीशी धरून खिडकीत जाऊन उभा राहिला. त्या फाइलवर त्याने फेब्रुवारीपासून जीव टाकला होता. सहा देश, सोळा दिवस. कुठल्या देशात काचेवर टोलचं कुठलं स्टिकर लावायचं, कुठे पेट्रोल भरायचं, कुठे थांबायचं, सगळं तासातासाने लिहिलेलं. इटलीच्या सीमेवरची ब्रेनरची खिंड ओलांडली की कॉफी संपते आणि काळं गरम पाणी सुरू होतं, अशी त्याची पक्की खात्री असल्यामुळे दोन कॉफीपात्रं आणि एक छोटी शेगडीसुद्धा यादीत होती. "युरोप बघायचं राहून गेलंय," असं तो भेटेल त्याला सांगत होता.

देल्फिनाला मात्र ठाऊक होतं की फाइलमध्ये खरी ओळ एकच आहे: शुक्रवार, दुपारी बारा.

एर्मेसचा थोरला भाऊ ओत्तोरिनो चाळीस वर्षांपूर्वी जर्मनीत गेला आणि उल्म गावात आइस्क्रीमचं दुकान काढून बसला. अकरा वर्षांपूर्वीच्या नाताळात तो याच टेबलाशी जेवायला होता. देल्फिनाने अनोलिनी केल्या होत्या, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या त्या गोल चिमुकल्या टिकल्या, गरम सुपात पोहणाऱ्या. ओत्तोरिनोने एक चमचा घेतला आणि म्हणाला, "आईच्या हातचं नाही हे. जायफळ फार झालंय." एर्मेस म्हणाला, मग जा, आइस्क्रीम खा. ओत्तोरिनोने कोट चढवला आणि या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही असं जाहीर केलं. एर्मेसने खिडकीतून ओरडून सांगितलं की आपणही त्याच्या दारात ठेवणार नाही. आणि दोघाही मेल्यांनी शब्द पाळला! जायफळ खरंच जास्त झालं होतं. देल्फिनाला तेव्हाही ते मान्य होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही.

यंदा जानेवारीअखेर एका चुलतभावाकडून कळलं की ओत्तोरिनोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. एर्मेस "बरं" म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन निळी फाइल घेऊन आला.

आता हॉटेलचं त्याने स्वतः पाहिलं. बव्हेरियातल्या मोनाकोत, स्टेशनजवळ. मग फोन हातात घेऊन तासभर बसला आणि अकरा वर्षांतला पहिला निरोप त्याने लिहिला: "शुक्रवार. दुपारी बारा. मोनाको, स्टेशनसमोर. हवं तर ये."

"बव्हेरियातलं, असं लिही," देल्फिना त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाली.

"जर्मनीत राहतो तो! त्याला आता मी जर्मनीचा भूगोल शिकवू?"

"नुकताच फाडलेला कागद अजून फरशीवर पडलाय, एर्मेस."

"ते तुझ्या भावाचं डोकं होतं. हा माझा भाऊ आहे!"

दोन दिवसांनी उत्तर आलं. एकच शब्द: "येतो." एर्मेस आंघोळीला म्हणून फोन घेऊन आत गेला आणि पाऊण तास नळाचा आवाजच आला नाही.

गुरुवारी सकाळी तिघे निघाले. गाडी देल्फिना चालवत होती आणि शेजारी बसलेला एर्मेस नसलेला ब्रेक इतका दाबत होता की ब्रेनर येईतो त्याच्या पोटरीत गोळा आला. मागच्या सीटवर ग्वाल्तिएरोला काही बोलायची बंदी होती. संध्याकाळी ते वेळेवर पोचले.

शुक्रवारी साडेअकरालाच एर्मेस इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनसमोर उभा. बारा वाजले. सव्वाबारा झाले. साडेबाराला त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला.

"येणार नव्हताच तो! मुद्दाम बोलावून घेतलं मला इथे!"

"तूच त्याला बोलावलंस," देल्फिना म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे तडमडलास?" पलीकडून ओत्तोरिनो गरजला. "तासभर उभा आहे मी उन्हात!"

"मी उभा आहे! स्टेशनसमोर!"

"मीपण स्टेशनसमोरच आहे!"

"खोटं बोलू नकोस! मला ट्राम दिसतेय, टॅक्सी दिसतायत, तू दिसत नाहीस!"

"कसली ट्राम? माझ्यासमोर समुद्र आहे!"

एर्मेसने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. मागे ग्वाल्तिएरोला खोकला लागला.

"अरे, आम्ही त्या गावाला म्युन्शेन म्हणतो!" ओत्तोरिनो ओरडत होता. "चाळीस वर्षांत मोनाको शब्द माझ्या तोंडात आलेला नाही! मला वाटलं, म्हातारपणी तुला समुद्र आठवला. पहाटे निघालोय मी. डॉक्टरांनी एका दमात तासाच्या वर गाडी चालवू नको म्हणून बजावलंय!"

"मग चालवलीस कशाला, मूर्खा?"

"तू बोलावलंस म्हणून!"

एर्मेसने शेजारी उभ्या गाडीच्या टायरला लाथ हाणली.

"काल रात्री तिथे आपल्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या," ग्वाल्तिएरो पुटपुटला. "गच्चीसकट."

"तू गप्प बस!"

पण ग्वाल्तिएरोने नकाशा गाडीच्या टपावर पसरला होता. त्याचं एक बोट समुद्रावर होतं, एक म्युनिकवर. दोन्ही बोटं रस्त्यावरून सरकत सरकत जवळ आली आणि एका ओळखीच्या ठिपक्याशी थांबली. "हे बघ. वाटेत आपलं घरच लागतं."

एर्मेसने त्या ठिपक्याकडे पाहिलं. सहा देश, सोळा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी परत पियाचेन्झा! फाइल त्याने बोनेटवर आपटली. मग फोनमध्ये, शिकाऊ माणसाला सांगावं तसा, एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला, "ऐक. आता जेवून घे. मग हळूहळू पियाचेन्झाला ये. कडेच्या लेनने. दर तासाला थांब. आम्ही निघतोय."

"तुमच्या आधी पोचेन मी."

"मग आत जाऊन बस!"

पलीकडे गाडीचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला.

"त्या घरात पाय ठेवणार नाही म्हणालो होतो मी."

फोनला कान लावून उभ्या देल्फिनाने तो हिसकावून घेतला. "ओत्तोरिनो, फ्रीजरमध्ये अनोलिनी आहेत. जायफळ अकरा वर्षं कमीच घालते मी." आणि फोन परत एर्मेसच्या हातात कोंबला.

"किल्ली?" ओत्तोरिनोने हलक्या आवाजात विचारलं.

"जिरेनियमच्या कुंडीखाली. आणखी कुठे असणार?"

"अजून तिथेच ठेवतोस?"

"तिथेच!" एर्मेस असा ओरडला की तीन टॅक्सीवाल्यांनी माना वळवल्या. "आणि आत जाताना पाय पुसून जा!"