मास्टर व्हावं की ओनर

माणूस जन्माला येतो तो उघडा, पण नोकरीत टिकतो तो प्रमाणपत्रानेच. हे सनातन सत्य अपडेटरावांच्या कंपनीने सोमवारी परिपत्रक काढून मान्य केलं. (जोडपत्र अ पाहावे. जोडपत्र अ जोडलेलं नव्हतं.) यापुढे प्रत्येक टीम 'अजाइल', म्हणजे चपळ राहील, चपळांच्या भूमिका ठरलेल्या असतील, आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ज्याने आपल्या भूमिकेचं प्रमाणपत्र निवडलं नसेल, त्याची खुर्ची मोकळी समजली जाईल.

अपडेटरावांचा त्या खुर्चीवर जीव होता. अकरा वर्षांत तिला त्यांच्या पाठीचा आकार आला होता. लेकराला माय ओळखते तशी ती त्यांना न बघता ओळखायची.

परिपत्रकाच्या पानावर दोन भूमिका होत्या. प्रॉडक्ट ओनर: काय करायचं ते सांगणारा. स्क्रम मास्टर: झालं का ते विचारणारा. पहिल्याला दूरदृष्टी लागते, दुसऱ्याला भिंत लागते (रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला). दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन दिवसांचे; मास्टरचं जेवण तेवढं उभ्याने.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "भावोजी, डोळे मिटून ओनर घ्या. जमलं तर आपलं, फसलं तर टीमचं!"

शेजारच्या टेबलावरच्या टेस्टरबाई म्हणाल्या, "छे हो, मास्टरच घ्या. त्याला कुणी जाब विचारत नाही, कारण विचारणारा तोच."

अपडेटरावांनी मग ऑफिसात पाहणी केली. पन्नास टक्के लोक ओनरच्या बाजूचे निघाले, पन्नास टक्के मास्टरच्या. उरलेले मीटिंगमध्ये होते.

एवढा गहन प्रश्न साध्या डोक्याने सोडवणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्यांनी तो घरीच चपळ पद्धतीने घेतला. फ्रिजच्या दारावर तीन रकाने पडले: करायचंय, चालू आहे, झालं. सकाळी साडेसातला बायको आणि आई स्वयंपाकघरात रांगेत उभ्या राहू लागल्या.

"काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय?" अपडेटरावांनी विचारलं.

"काल गुडघा दुखला, आज दुखणार आहे, आणि अडचण तू आहेस," आई म्हणाली. "बसू का रे आता?"

"आई, बसलं की चपळता जाते."

"जाऊ दे की मेली!"

मग निवड किती अवघड आहे, याचे आकडे चिठ्ठीवर लिहून घेतले. बायकोने एक लिहिला, आईने चाळीस, स्वतः अपडेटरावांनी तेरा. एकमत होईपर्यंत चर्चा करावी, असा नियम आहे. चर्चा बुधवारपर्यंत चालली. फ्रिजवरची पिवळी चिठ्ठी सरकली, निळीपाशी टेकली. निळी बाई लाजली नि गळून खाली पडली. गुरुवारी आढावा झाला. काय चांगलं झालं? चहा. काय सुधारता येईल? चहा गार झाला होता.

शुक्रवारी अपडेटराव घरूनच काम करत होते. साडेअकरा वाजले, तरी 'मास्टर की ओनर' ही चिठ्ठी 'चालू आहे'मध्येच चालू होती. बायको शिलाई मशीनवर गिऱ्हाइकाचा सोमवारपासूनचा सहावा फ्रॉक संपवत होती. तिने दातांनी दोरा तोडला आणि परिपत्रक उचलून उलटं केलं.

"अहो, मागच्या बाजूला तिसरं आहे की!"

"तिसरं?"

"'डेव्हलपर. काम करणारा. परीक्षा नाही. गेल्या वर्षभरात स्वतः केलेली एक चालती वस्तू दाखवावी.' हेच घ्या ना सरळ. डोक्याला ताप नाही."

अपडेटरावांनी ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. त्यांनी वर्ष धुंडाळलं. दोनशे चाळीस मीटिंगा सापडल्या, अकराशे स्लाइडी सापडल्या, 'बघून सांगतो' असे तीन हजार निरोप सापडले. चालती वस्तू? एकदा प्रिंटर चालू केला होता, पण तोही टेस्टरबाईंनी.

"अगं, पोरंबाळं व्हायचीत अजून," ते खोल आवाजात म्हणाले, "संसारी माणसाने एवढा धोका घ्यायचा नसतो." आणि अकरा अठ्ठावन्नला मास्टरच्या चौकटीत खूण करून तिचा फोटो कंपनीला धाडला.

खुर्ची वाचली. कंपनीतल्या दोनशे बारा माणसांपैकी एकशे सहा मास्टर निघाले, एकशे सहा ओनर. एकही खुर्ची मोकळी झाली नाही. संचालकांनी ही चपळतेची परमावधी म्हणून गौरवली.

वाचक हो, हसा खुशाल. पण मास्टर बरं की ओनर, हे वाचता वाचता तुम्हीही मनात ठरवून टाकलंत. ही कंपनी नेमकं बनवते काय, हे विचारायचं मात्र तुमच्याकडूनही राहूनच गेलं. (वाईट वाटून घेऊ नका, अशा माणसांची भरती बाराही महिने चालू असते.)