घर तुमचंच आहे

फरामर्जनं ते वाक्य उच्चारलं तेव्हा त्याच्या मनात पार्टी मुळीच नव्हती. फक्त सभ्यपणा होता. (सगळी भानगड तिथंच झाली.)

परीक्षा संपल्या होत्या आणि जर्मनीतल्या कासेलच्या कॉलेज कॅन्टीनमध्ये पोरं शनिवारच्या पार्टीसाठी जागा शोधत होती. टॉर्बेनच्या घरी रंगकाम निघालेलं. विब्केची मांजर व्यालेली, त्यामुळे तिच्याकडे नाचगाणं बंद. सगळे हिरमुसले. समोरची माणसं अडचणीत आहेत आणि आपण गप्प बसायचं, हे इराणमधल्या यझ्दच्या घरंदाज कुटुंबात वाढलेल्या फरामर्जला कसं जमणार?

"मग माझ्याकडे या की!" तो म्हणाला. "घर तुमचंच आहे."

यझ्दमध्ये यावर समोरच्यानं म्हणायचं असतं, "छे छे, तुला कशाला त्रास?" आपण म्हणायचं, "त्रास कसला, आलंच पाहिजे." त्यानं पुन्हा नको म्हणायचं, आपण पुन्हा आग्रह करायचा, आणि शेवटी दोघांनी छातीवर हात ठेवून आपापल्या घरी जायचं. कुणी कुणाकडे जात नाही आणि प्रेम मात्र वाढतं.

टॉर्बेन म्हणाला, "झकास! शनिवारी सहाला. पत्ता पाठव."

पत्ता! फरामर्ज ओस्टरमानबाईंच्या माडीवर भाड्यानं राहायचा. ती खोली मिळेपर्यंत त्यानं अख्खी थंडी एका ओळखीच्याच्या स्वयंपाकघरात, फ्रिजला टेकून काढली होती. किल्ली देताना बाईंनी बजावलं होतं, "मला आवाज खपत नाही. एकदा झाला तर बोलेन. दुसऱ्यांदा बोलणार नाही, दार दाखवेन." आणि ते 'एकदा' होऊनही गेलं होतं. भर रविवारी दुपारी त्यानं भिंतीत खिळा ठोकला होता.

बोलावलेल्या पाहुण्याला 'येऊ नका' म्हणणं तर शक्यच नव्हतं. त्यानं आईला फोन लावला.

"आई, फसलो गं. पोरं खरंच येतायत."

"किती जण?"

"आई, माझी खोली जाईल!"

"तांदूळ जास्तच भिजव," आई म्हणाली. "आणि भाताची खरपुडी नीट लागू दे. पाहुण्यांनी नावं ठेवली तर मला तोंड दाखवू नकोस."

शनिवारी सहाच्या ठोक्याला बेल वाजली. फरामर्ज तेव्हा टॉवेलवर होता. (सहा म्हणजे साडेसात, हे तो लहानपणापासून धरून चालला होता.) दारात सगळा वर्ग उभा, आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या बाटल्या आणि मॅकरोनीच्या सॅलडचा डबा. लग्नाला जाताना घरून पोळीभाजी बांधून नेल्यासारखं! आपण यांना उपाशी ठेवू असं वाटलं की काय, म्हणून फरामर्ज मनातून खट्टू झाला, पण हसून म्हणाला, "या, या!"

तेवढ्यात विब्के खाली वाकली. "कसला सुंदर गालिचा आहे रे हा!"

"तुझाच समज. घेऊन जा."

विब्केचे डोळे भरून आले. "खरंच?" तिनं त्याला मिठी मारली आणि तिथल्या तिथं गालिचा गुंडाळून दाराशी उभा केला. मग कुणाला चहाची किटली आवडली. कुणाला टेबलावरचा दिवा. फरामर्जचं तोंड काही थांबेना. अर्ध्या तासात खोली रिकामी दिसायला लागली.

टॉर्बेननं त्याला कोपऱ्यात घेतलं. "अरे, सगळं वाटत काय सुटलायस? संन्यास घेतोयस का?"

"आमच्याकडे रीतच आहे तशी. असं म्हणायचं असतं."

"म्हणजे द्यायचं नसतं?"

"द्यायचं असतंच रे. फक्त समोरच्यानं घ्यायचं नसतं."

टॉर्बेन विचारात पडला. "वा! मन पण मोठं, खर्च पण नाही. शिकायला पाहिजे हे."

मग नाच सुरू झाला. गालिचा गेल्यामुळे फळ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर सगळ्यांचे बूट. खाली ढोल बडवल्यासारखा आवाज जात असणार. दारावर थाप पडली. गाणं बंद. दारात ओस्टरमानबाई!

फरामर्जची जीभ सवयीनं चाललीच. "या ना बाई, बसा! घर तुमचंच आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "माझंच आहे."

त्यानं लगेच ताट वाढून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी खरपुडीचा तुकडा मोडला.

"करपलाय भात."

"मुद्दाम करपवलाय, बाई."

त्यांनी तुकडा चावला. पुन्हा चावला. "अजून आहे?"

बाई बसल्या. दोनदा वाढून घेतलं. निघताना दाराशी थांबून म्हणाल्या, "आवाज फार होता. पण असू दे. जेवण छान झालं. तरुण माणसं तुम्ही, चालायचंच."

खोली वाचली! इथं कुणीही शहाण्या माणसानं आभार मानून दार लावलं असतं. पण बाईंचा एवढा मोठेपणा पाहून फरामर्जला भरून आलं. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "नाही बाई, चूक माझीच. तुम्हाला त्रास होत असेल तर मी खोली सोडतो." आणि मान झुकवून 'छे छे'ची वाट पाहत उभा राहिला.

"सोडतोस?" बाईंचा चेहरा उजळला. "बरं झालं बाबा! माझी भाची कधीची जागा शोधतेय. तुला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. महिनाअखेरीला चालेल."

सोमवारी कॅन्टीनमध्ये त्यानं हे सांगितलं तेव्हा टॉर्बेननं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "त्यात काय! माझ्याकडे ये. घर तुझंच आहे!"

'छे छे' अगदी ओठांवर आलं होतं. फरामर्जनं ते गिळलं. आता धडा शिकायचा. "येतो!" तो म्हणाला. "संध्याकाळीच सामान आणतो."

टॉर्बेनचा काटा हवेतच राहिला. कान लाल झाले. "अरे... तू नको म्हणणार होतास ना? मी तुझ्या रीतीनं म्हणालो."

सध्या फरामर्ज विब्केच्या स्वयंपाकघरात, फ्रिजला टेकून झोपतो. पलीकडे त्याच्या गालिच्यावर मांजर आणि तिची पिल्लं पसरलेली असतात. परवा त्यानं धीर करून म्हटलं, "विब्के, काय सुंदर गालिचा आहे गं हा!"

"हो ना?" विब्के म्हणाली. "मलाही फार आवडतो."