व्याह्यांचा कोल्हा

व्हिडिओ गेमच्या धंद्यात सध्या काय बिघडलंय, हे जगात फक्त दोनच माणसांना नीट कळतं. त्यातला एक मी. दुसरा मला अजून भेटायचाय!

हसू नका. मी अडुसष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक असलो, तरी या क्षेत्रात तुमच्या मुलांच्या कितीतरी आधीपासून आहे. नवी नोकरी लागली, तेव्हा शाळेसमोरच्या चित्रपटगृहाच्या जिन्याखाली नाणं टाकून खेळायचं एक मशीन होतं. एका नाण्यात मी मधली सुट्टी संपेपर्यंत टिकायचो. मला हरवलं ते शाळेच्या घंटेने. मशीनची काय बिशाद!

तेव्हाचा गेम कसा, एकदा तयार झाला की झाला. आता? अर्धाकच्चा गेम बाजारात आणायचा आणि मग वर्षभर दुरुस्त करत बसायचं. मी मुलांना म्हटलं असतं, "पेपर आज लिहून टाका, राहिलेले प्रश्न पुढच्या महिन्यात पाठवतो," तर पालकांनी मला फळ्यासकट बाहेर काढलं असतं! शिवाय पावलापावलाला बाण. इकडे वळा, तिकडे उडी मारा, हे उचला. हा काय खेळ झाला? ही तर सामूहिक कॉपी! आणि त्या टोप्या! गेममधल्या प्राण्याला लाल टोपी हवी असेल, तर तिचे वेगळे पैसे. खेळणाऱ्याला घालतात ती टोपी मात्र फुकट!

ही मतं माझी फार जुनी आहेत. पण ती मी जेवताना, पेपर वाचताना आणि दूधवाल्याला थांबवून मांडायला लागलो, ते मात्र आमच्या व्याह्यांनी नवा गेम घेतल्यापासून.

व्याही म्हणजे सूनबाईंचे वडील. निवृत्त दातांचे डॉक्टर. तीन गल्ल्या पलीकडे राहतात. आम्हा दोघांत मिळून नात एकच, दहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. तिनेही आमची नावं पाडली आहेत. मी खडूआजोबा, ते दातआजोबा. रविवारी दुपारी तीन ते पाच मुंगी आजोबांकडे. एक रविवार माझा, एक त्यांचा. वर्षानुवर्षं चोख वाटणी!

आणि गेल्या महिन्यात चारही रविवार डॉक्टरांच्या घशात गेले.

"का गं मुंगे? या वेळी माझी पाळी होती ना?"

"दातआजोबांकडे कोल्ह्याचा गेम आलाय! आणि आजोबा, त्यांना काहीच येत नाही! तिसऱ्या पुलावरून धपाधप पडतात. मी शिकवते त्यांना."

"मीही तुला शिकवतोच की."

"हो," मुंगी म्हणाली, "तुम्ही शिकवताच."

आता यात बोचण्यासारखं काय होतं? मी खेळायला बसण्याआधी फक्त वीस मिनिटं पार्श्वभूमी समजावून सांगतो. कुठलाही चांगला शिक्षक सांगेल!

त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. दात काढणाऱ्या माणसाने माझ्या नातीला पळवावं? तेही तिसऱ्या पुलावरून पडून? पडण्यात कसलं आलंय कर्तृत्व!

"अहो," बायको म्हणाली, "जळका वास येतोय."

"गॅसवर काही राहिलंय का बघ."

"गॅस बंद आहे."

"मी कुणावर जळत नाहीये! मी उद्योगातल्या घातक प्रवृत्तींवर टीका करतोय!"

"तो उद्योग तीन गल्ल्या पलीकडे राहतो वाटतं?"

शेवटी मी निर्णय घेतला. मुलाने नवं मशीन घेतल्यावर त्याचं जुनं मशीन आमच्याकडे आलं होतंच. मी दुकानात जाऊन कोल्ह्याचा तोच गेम विकत घेतला. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, घरी गेल्या गेल्या लावून ठेवा हं."

"बाळ, मी चौतीस वर्षं परीक्षा घेतल्या आहेत," मी म्हणालो. तिला संदर्भ लागला नसावा.

तुम्हाला सांगतो. प्रश्नपत्रिकेचं पाकीट कधी फोडायचं? वर्गात, घंटा झाल्यावर, मुलांच्या देखत. सील शाबूत असल्याची दोन मुलांकडून खात्री करून. आदल्या दिवशी पाकीट उघडणारा शिक्षक आणि आदल्या रात्री नवरी पळवणारा चोर माझ्या लेखी सारखेच. तेव्हा तो खोका सहा दिवस कपाटावर सीलबंद राहिला. मी रोज फक्त त्याच्यावरची धूळ पुसत होतो.

रविवारी मुंगीला खास निरोप धाडून बोलावलं. बरोब्बर तीन वाजता खोका तिच्यासमोर धरला.

"सील बघ. शाबूत आहे?"

"आहे. फोडा ना आजोबा!"

फोडला. आत तबकडी नव्हती! आत एक चिठ्ठी होती. एवढा मोठा खोका, त्यावर एवढा मोठा कोल्हा, आणि आत बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी! त्यावर बारा अक्षरं. ती अक्षरं पडद्यावर एकेक करून उमटवायची, मग गेम इंटरनेटवरून घरी येणार.

मी अक्षरं उमटवली. मशीन म्हणालं, आधी खातं उघडा. उघडलं. मशीन म्हणालं, जन्मतारीख सांगा. वर्षाचा आकडा मागे मागे न्यायचा होता. मी बटण दाबून दाबून दमलो, तरी माझी मुंजसुद्धा दिसेना. म्हटलं, जाऊ दे, काय फरक पडतो? होतं ते वर्ष तसंच ठेवलं.

मशीन म्हणालं, "तुम्ही खूप लहान आहात. कृपया पालकांना बोलवा."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने पालक म्हणून स्वतःचं नाव घातलं. "नवीन काय त्यात?" म्हणाली. "लग्नापासून तेच करतेय."

अखेर पडद्यावर एक पट्टी उमटली. खाली लिहिलं होतं, सात तास बाकी.

"आजोबा, हे आधी करून ठेवायचं असतं," मुंगी हळूच म्हणाली.

"पाकीट मुलांसमोरच..."

"हे पाकीट नाहीये हो आजोबा!" तिने चपलांकडे पाहिलं. "मी दातआजोबांकडे जाऊ?"

"पंधरा मिनिटं थांब!" मी ओरडलो. "पंधरा मिनिटांत कोल्हा हजर करतो!" आणि सदरा उलटा आहे की सुलटा हे न बघता बाहेर पडलो. डॉक्टरांकडे गेम तयार होता. तो मशीनसकट उचलून आणायचा. भीक मागावी लागली तरी बेहत्तर!

डॉक्टरांचं दार अर्धवट उघडं होतं. आतून संगीत येत होतं. मी डोकावलो आणि जागच्या जागी थिजलो.

डॉक्टर खुर्चीत रेलून, पाय स्टुलावर टाकून, शीळ घालत खेळत होते. पडद्यावर कोल्हा वाऱ्यासारखा पळत होता. फळी निखळायच्या आत उडी, उडीतच कोलांटी, कोलांटीतच घुबडाला शेपटीचा तडाखा! दुधाचा दात काढावा इतक्या अलगद त्यांनी पूल संपवला. पडद्यावर अक्षरं झळकली: आठवा पूल पार!

"डॉक्टर!"

त्यांच्या हातातून कंट्रोलर निसटला. कोल्हा नदीत पडला.

"सर! हे... हे आपोआप चालू झालं!"

"आणि आठव्या पुलावर आपोआप पोचलं? तिसऱ्यावरून धपाधप पडता ना तुम्ही?"

डॉक्टर उठले. दार लावलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "सर, मुंगीला सांगू नका. चाळीस वर्षं दाढा काढल्या मी. मला बघितलं की पोरं तोंड मिटून घ्यायची. गोळ्या दिल्या, फुगे दिले. एक पोर कधी आपणहून जवळ येऊन बसलं नाही. ही येते. बोट धरून मला बटणं दाखवते. मला येतं म्हटल्यावर कशाला दाखवेल?"

माझं मन द्रवलं. पण जरासंच. अर्धा चमचा.

"डॉक्टर, मी गप्प बसेन. पण पुढचे चार रविवार माझे. आणि हे मशीन आत्ताच्या आत्ता माझ्या घरी."

"सर, ही खंडणी झाली!"

"आणि तुम्ही करता ती भामटेगिरी!"

दोन मिनिटांत आम्ही रस्त्यावर. मशीन मी छातीशी कवटाळलेलं आणि मागून डॉक्टर. "सर, आडवं धरा! सर, वायर लोळतेय! सर, त्याला उन्हात नेऊ नका!" लोळणाऱ्या वायरीमागे एक कुत्रं लागलं. त्याच्या धाकाने मी पळायला लागलो, म्हणून डॉक्टरही पळायला लागले. कोपऱ्यावर माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. आता पोलिसात आहे.

"सर, नमस्कार! हे मशीन कुणाचं?"

"या डॉक्टरांचं," मी धापा टाकत म्हणालो.

"मग ते मागून का पळतायत?"

डॉक्टरांनी "आमची सोयरीक आहे" असं तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे सुटका झाली. कुत्रं मात्र दारापर्यंत आलं.

मुंगी अजून होती! बायकोने तिला लोणी कढवताना बघायला बसवलं होतं. मशीन जोडलं, नवा डाव लावला, कोल्हा अवतरला, आणि मी ऐटीत कंट्रोलर हातात घेतला. माझ्या वेळच्या मशीनला एक दांडी आणि एक बटण होतं. याला सोळा बटणं! जे बटण हवं असायचं, ते नेहमी मी दाबलेल्या बटणाच्या शेजारी असायचं.

तिसरा पूल राहिला बाजूला, मी पहिल्या पुलावरून पडलो. पुन्हा पडलो. पाच वेळा पडल्यावर मशीनने विचारलं, "मदत हवी आहे का?" मी बाणेदारपणे नाही म्हटलं. नऊ वेळा पडल्यावर विचारलं, "खेळ सोपा करू का?" नाही! बाराव्या वेळी विचारलं, "हा पूल तुमच्या वतीने मीच ओलांडू का?"

"बघ, बघ मुंगे! या धंद्याचं हेच चुकतंय! खेळणाऱ्याला कुबड्या देतात!"

"आजोबा, पुलाकडे बघा," मुंगी म्हणाली. ती माझ्या अगदी जवळ सरकून बसली. माझा अंगठा धरून तिने योग्य बटणावर ठेवला. "घाई नाही करायची. चुकलं तर चुकलं. परत करू. हं, आता." मी पडलो. "काही नाही! या वेळी एक फळी जास्त गेलात!" मी परत पडलो. तिने पार्श्वभूमी सांगितली नाही, की सुस्कारा टाकला नाही. चौतीस वर्षं शिकवत होतो, पण इतकं छान शिकवलेलं मी प्रथमच बघत होतो.

तिकडे डॉक्टरांचे हाल चालले होते. माझी प्रत्येक चूक त्यांना किडलेल्या दातासारखी ठणकत होती. त्यांनी हात मांडीखाली दाबले, ओठ चावले, उशीचा कोपरा पिळला. विसाव्या वेळी कोल्हा कडेवर डगमगला आणि त्यांचा बांध फुटला.

"डावी फळी कुजकी आहे हो! आधी उडी! मग शेपटी! आणा इकडे!"

कंट्रोलर हिसकावून त्यांनी पहिला पूल पार केला. दुसरा केला. ज्यावरून महिनाभर धपाधप पडत होते, तो तिसरा तर मागे न बघता केला. मग त्यांना आपण काय केलं ते कळलं. कोल्हा पडद्यावर शेपटी हलवत उभा.

मला संधी सोडवेना. शब्द दिला होता, पण चोर स्वतःच पकडला गेला होता! मी उभा राहिलो. "बघितलंस मुंगे? यांना सगळं येतं! महिनाभर तुला फसवलं यांनी!"

"मला ठाऊक आहे," मुंगी म्हणाली.

"काय?" आम्ही दोघे एका सुरात.

"पहिल्या दिवसापासून. दातआजोबा पडायच्या आधी माझ्याकडे बघतात. ज्याला खरंच येत नाही, तो पुलाकडे बघतो."

डॉक्टरांनी कंट्रोलर खाली ठेवला. "मग तू दर रविवारी का येत होतीस गं?"

"तुम्ही पडायला किती मेहनत घेत होता! मी आले नसते, तर वाईट वाटलं असतं ना तुम्हाला."

मी घसा साफ केला. "मग आता पुढच्या रविवारी कुणाकडे?"

मुंगीने माझ्याकडे निरखून पाहिलं. अवघड विद्यार्थ्याकडे मी जसं बघायचो, तसं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमच्याकडेच यावं लागेल, खडूआजोबा. दर रविवारी. दातआजोबा नाटक करतात. तुम्हाला खरंच काही म्हणजे काहीच येत नाही!"

जिंकलो! सगळे रविवार माझे! डॉक्टरांचा चेहरा असा झाला होता, की जळका वास आल्यासारखी बायको खिडकी उघडायला गेली.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. परवा सकाळी डॉक्टर स्वतः घरी आले. चहाचे दोन घोट घेतले. मग म्हणाले, "सर, एक विचारू? तुम्हाला इतकं खरं खरं पडायला कसं हो जमतं? जरा मलाही शिकवा."

कुणी शिकायला आलं, तर मी आजवर नाही म्हटलेलं नाही. पण या वेळी मी नुसता हसलो आणि म्हणालो, "डॉक्टर, ही विद्या शिकवून येत नाही."

रोज सकाळी दार लावून मी दीड तास सराव करतो, आणि तरीही पहिल्या पुलाच्या पुढे गेलेलो नाही, हे काही त्यांना सांगितलं नाही!