नुसता आवाज द्या

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत, बरोबर माझ्या डोक्यावर राहणाऱ्या साठेबाईंच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही. न्हाणीघरालासुद्धा नाही. पाहुणा आत गेला की बाहेर येईपर्यंत त्याने गात राहायचे, हा तिथला गृहनियम. ‘‘सुरात नको, नुसता आवाज द्या,’’ असे त्या बाहेरून बजावतात. मी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. गाण्याशी माझा संबंध नाही. मी आत सहकारी संस्था कायद्यातील सभेच्या नोटिशीची तरतूद खणखणीत म्हटली. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘चाल बरी आहे.’’

बाई मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकर्त्या. मार्केट यार्डातील हमालांपासून खराडीच्या संगणक कंपन्यांपर्यंत त्या मनाच्या आजारांविषयी बोलत हिंडतात. एका रविवारी त्यासाठीच त्यांनी आमच्या पार्किंगमध्ये सतरंजी घातली. वाहनतळाचा असा वापर हा उपविधींचा उघड भंग असल्याने मी अध्यक्षांना कडक पत्र लिहिले. एकट्या राहत असूनही बाई पहाटे न्हाणीघरात स्वतः भसाड्या आवाजात गातात आणि ते दोन्ही न्हाणीघरांच्या सामाईक डक्टमधून माझ्यावर कोसळते, हेही त्यात नमूद केले. बाईंनी मला जिन्यात गाठले.

‘‘वर्तक, पत्राला शुद्धलेखनाचे दहापैकी दहा. पुढच्या रविवारी मिलिंदला घेऊन या. तो हल्ली जिन्यात मान वर करत नाही.’’

मिलिंद माझा मुलगा. खराडीच्या त्याच्या कंपनीने अर्ध्या लोकांना घरी पाठवले होते. हा उरला होता. पण धड जेवत नव्हता, झोपत नव्हता.

‘‘माझ्या मुलाला काहीही झालेले नाही,’’ मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि हात कठड्याला घट्ट धरून होता.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मिलिंदने खोलीची कडी आतून लावली. हाका मारल्या, उत्तर नाही. माझ्या तोंडाला कोरड पडली. जन्मभर जी भाषा वापरली, तीच बाहेर आली. ‘‘दार तत्काळ न उघडल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.’’ आत दिव्याचे बटण खटकन वाजले आणि दाराखालची उजेडाची रेघ गेली.

पत्नी वर धावली. साठेबाई आल्या, तिला सुताराकडे पिटाळले, मला बाजूला सारले आणि दाराशी फरशीवर बसल्या.

‘‘मिलिंद, मी साठेकाकू. दार नको उघडूस. नुसता आवाज दे.’’

बाई गाऊ लागल्या. कडवे संपले, पुन्हा पहिल्यापासून. कितव्यांदा तरी आतून घोगरे शब्द आले, ‘‘काकू, सूर चुकतोय.’’

‘‘मग बरोबर म्हणून दाखव.’’

सुतार पोहोचण्याआधी कडी निघाली. दुसऱ्या दिवशी बाईच आम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. औषधे चालू आहेत, मिलिंद जेवतो.

आभार मानण्यास वर गेलो, तेव्हा त्यांच्या आतल्या खोलीच्या दाराकडे प्रथमच नीट पाहिले. चौकट कडीच्या जागी फाटलेली होती; फाटलेले लाकूडही जुने होऊन काळे पडले होते. सुतार पाठवतो, म्हणालो.

‘‘राहू द्या,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ह्यांनी आवाज दिलाच नाही. आम्ही सगळ्यांना सांगत होतो, जेवत नाहीत ते पित्त झालंय म्हणून.’’ मग त्यांनी नेहमीचा गोडमिट्ट चहा केला.

काल पहाटे डक्टमधून गाणे आले नाही. दात घासता घासता मी थांबलो. वर पाण्याचाही आवाज नव्हता. त्या घरात दारांना कडी नाही हे खरे. पण दाराबाहेर ऐकायलाही कोणी नाही. तोंडाला पुन्हा तीच कोरड पडली. मी डक्टच्या खिडकीशी तोंड नेले आणि सभेच्या नोटिशीची तरतूद मोठ्याने म्हणू लागलो. संपली, पुन्हा सुरू केली. शब्द मागेपुढे होऊ लागले.

अखेर वरून खोकला आला. मग सर्दीने बसलेला आवाज.

‘‘वर्तक, कलम चुकतंय.’’

‘‘मग बरोबर म्हणून दाखवा,’’ मी म्हणालो.